भाईच्या उजव्या बाजूला

१

मंगळवार, २ नोव्हेंबर २०१०. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा पडलेला. भात कापणीला आलेलं आणि पाऊस काही जायचं नाव घेत नव्हता, त्यामुळे खोलवाडीत जो तो वर बघून शिव्या घालत होता. सत्यवान मात्र अंगणात उभा राहून आंब्याच्या एका फांदीकडे बघत होता. कट्टा गावच्या बाजारातून आलेल्या डिशवाल्या नितेशने चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, डिशची नवी छत्री बसवली होती आणि फांदी आड येते म्हणून तो ती तोडायला मागत होता.

"काका, आंबो मोठो की मॅच मोठी?"

"आंबो माझ्या बापाशीन लावलेलो," सत्यवान म्हणाला. "छत्री सरकव."

नितेशने कुरकुरत छत्री सरकवली आणि घरात शिरून नवा बॉक्स जोडला. गणपतीत स्वरूपने, म्हणजे सत्यवानच्या मुलाने, पुण्याहून भिंतीवरचा चपटा टीव्ही आणला होता. त्यावर जुन्या केबलची मुंग्या आलेली चित्रं बघणं म्हणजे नव्या ताटात शिळी पेज, असं तोच म्हणाला होता. म्हणून आता ही एचडीची सेवा.

"आता बघा," नितेश म्हणाला. "मैदानात मुंगी चालली तर तिच्या पायातली चप्पलसुदा दिसतली."

"आदी तुझ्या पायातली चप्पल भायर काढ," सत्यवानची बायको सुशीला स्वयंपाकघरातून म्हणाली. "चिखल माका तुझ्या एचडीबगार दिसता."

पडद्यावर कुठल्यातरी जुन्या सामन्याची क्षणचित्रं लागली. गवताची पाती वेगवेगळी दिसत होती. चेंडूची शिवण दिसत होती. खिडकीला पाठ करून ठेवलेल्या फणसाच्या रुंद खुर्चीतून भाई पुढे झुकला, डावा हात वर केला आणि म्हणाला, "बरा!"

भाई म्हणजे सत्यवानचा थोरला भाऊ तुकाराम. लग्न केलं नाही, भावाच्या घरातच राहिला. पंचक्रोशीत टेनिस बॉलच्या स्पर्धा झाल्या की पंच म्हणून भाई. त्याने बोट वर केलं की हमरीतुमरीवर आलेली दोन गावं गप्प बसत. दोन वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं. वाचाही गेली, एक शब्द सोडून. भूक लागली तरी "बरा", पाय दुखला तरी "बरा". कुठला बरा कशासाठी ते सत्यवानला सुरावरून कळायचं. उजव्या बाजूचं भाईला दिसतही नसे. ताटातला उजवीकडचा भात तसाच राहायचा, मग सुशीला ताट फिरवून द्यायची. खुर्चीही त्यासाठी थोडी तिरकी ठेवलेली होती, टीव्ही डाव्या नजरेत यावा म्हणून.

आजचा बरा ओला होता. सत्यवानने उगाच रिमोट पुसला.

जाताना नितेशने रेकॉर्डिंग कसं लावायचं ते दाखवलं. "तुमी घरात नसल्यात तरी ह्यो आपलो बघता आनि ठेयता. टीव्ही चालू होयो असा पण नाय."

२

गावपळणीचा कौल आधीच झाला होता. दर चार वर्षांनी खोलवाडी गाव सोडते. तीन रात्री वेशीबाहेर काढायच्या. माणसं, गुरं, कोंबड्या, टोपलीत घातलेली मांजरं, सगळ्यांनी निघायचं. गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, आवाज व्हायचा नाही. चौथ्या दिवशी वेशीवर देवाला विचारायचं आणि उजवा कौल मिळाला की परतायचं. का, असं कोणी विचारत नाही. देवाला गाव मोकळा हवा, एवढंच बोलतात.

यंदा निघायचा दिवस शुक्रवार, १९ नोव्हेंबर. आणि शनिवारपासून कसोटी सामना.

भाईने पेपरातल्या वेळापत्रकावर डाव्या हाताचं बोट ठेवून सत्यवानकडे बघितलं. सत्यवान आपल्या पिठाच्या गिरणीत गेला, आलेली दळणं उरकली, पट्टा काढून ठेवला, परत आला तरी भाईचं बोट तिथेच होतं.

"लावन ठेवतंय," सत्यवान म्हणाला. "परत इल्यार सगळी बघ."

निघायच्या दिवशी त्याने घर नीट आवरलं. फ्रिज रिकामा करून बंद केला. बल्बांची बटणं पाडली. टीव्हीचा प्लग काढून वायर गुंडाळून मागे खोचली. प्रत्येक घरात मेन स्विचच पाडतात, पण तो पाडला असता तर बॉक्स बंद झाला असता. सत्यवानने दारात उभं राहून खोलीकडे बघितलं. उजेड नाही, आवाज नाही. राहता राहिला तो बॉक्सवरचा लाल ठिपका, उदबत्तीच्या टोकाएवढा. त्याला कोण दिवा म्हणेल?

"मेन पाडल्यात मा?" टेम्पोत चढताना सुशीलाने विचारलं.

"सगळा बंद करून इलंय."

शेजारची पार्वतीकाकी कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन आधीच बसली होती. "काय गो सुशीला, तुजो घोव काय टीव्हीक कडी घालीत होतो?"

"कडी नाय, चादर पांघरीत होतो," सुशीला म्हणाली, आणि सगळा टेम्पो हसला. भाईसुद्धा.

३

वहाळापलीकडच्या कापलेल्या शेतात माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहिल्या. पहिले दोन दिवस जत्रेसारखे गेले. बायका फुगड्या घालत होत्या, पुरुष पत्ते कुटत होते, मुंबईहून खास आलेली माणसं दगडांच्या चुलीवर तिसऱ्यांचे शिंपले शिजवत होती. भाईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत मधोमध बसवलं होतं आणि पोरं त्याच्यापुढे येऊन मुद्दाम बाद होऊन दाखवत होती. भाई बोट वर करी, पोरं भांडत.

सोमवारी सकाळी बाबली मानकऱ्याने वेशीवर गाऱ्हाणं घालून देवाला विचारलं आणि पाषाणाला दोन कळ्या लावल्या: उजवी पडली तर परतायचं, डावी पडली तर थांबायचं. सगळे सामान बांधून उभे होते. उजवी कळी हलली नाही. डावी पडली.

पुन्हा विचारलं. पुन्हा डावी.

बाबली वळला. सत्तरीचा माणूस, आवाज कधी चढवत नसे. "कोणाच्या घराक कायतरी रवला काय? कोंबो, दिवो, काय पण?"

सत्यवानच्या डोळ्यांपुढे तो लाल ठिपका आला. पण एवढ्या माणसांत काय सांगायचं? मॅच लावून ठेवली म्हणून? आणि कळीचं काय, वाऱ्यानेही पडते. तो भाईच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

त्या रात्री पाऊस पडला. झापांतून पाणी गळलं आणि पार्वतीकाकी भिजून सकाळी खोकत उठली. मंगळवारी दुपारी उजवा कौल मिळाला. ढोल वाजला, गुरं आपसूकच गावाच्या दिशेने चालायला लागली.

४

घर होतं तसं होतं. दारातल्या पायरीवर पानं पडलेली, आत बंद घराचा वास. सुशीलाने खिडक्या उघडल्या, केर काढला, चूल पेटवली. सत्यवानने भाईला उचलून आत आणलं आणि खुर्चीपाशी येऊन थांबला.

खुर्ची सरळ होती. टीव्हीसमोर अगदी समोरासमोर.

"तू खुर्ची फिरवलंस?"

"माका काय दुसरी कामा नाय?" सुशीला आतून म्हणाली.

निघायच्या गडबडीत आपणच सरकवली असेल. त्याने ती पायाने तिरकी केली आणि भाईला बसवलं. मग टीव्ही लावायला गेला, तर प्लग बोर्डात होता. वायर सोडलेली. वायर गुंडाळल्याचं त्याला आठवत होतं. पण मागच्या आठवड्यातही एकदा गुंडाळली होती, टीव्हीमागची धूळ झाडताना. आठवण त्या दिवसाची असेल.

चित्र आलं, आवाज आला नाही. आवाज शून्यावर होता. सुशीला कामात असली तरी ऐकू यावं म्हणून तो कायम चढवलेला असे. त्याने वाढवला.

चारही दिवसांचा खेळ यादीत होता. पहिल्यावर बटण दाबलं तेव्हा पडद्यावर प्रश्न उमटला: जिथे थांबलात तिथून पुढे, की पहिल्यापासून?

सत्यवान दुसऱ्या दिवसावर गेला. तोच प्रश्न. तिसऱ्यावर तोच. तिन्ही दिवस शेवटपर्यंत बघून झालेले होते. चौथा अर्ध्यात सोडलेला होता, जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्या वेळाने. गाव परत निघालं आणि ढोल वाजला, तो सुमार.

त्याने नितेशला फोन लावला.

"काका, लाइट जाता-येता मा तुमच्याकडे? बॉक्स बंद होता, परत चालू होता, तेका वाटता कोणीतरी बघल्यान. येडो आसा तो."

"पण टीव्हीचो आवाज?"

"आवाज तुमीच बंद केलेलो आसतलो. गावपळण मा! गावात आवाज करूक नको," नितेश हसत म्हणाला.

सत्यवानने फोन ठेवला. नितेश थट्टेत बोलला ते त्याच्या डोक्यातून जाईना. ज्याने कोणी बघितलं, त्याने गावाचा नेम पाळला होता.

५

भाई त्या दिवशी मॅच बघायला तयार नव्हता. "बरा! बरा!" असं ओरडत त्याने डाव्या हाताने सत्यवानला ढकललं. हा सूर सत्यवानने पूर्वी ऐकला नव्हता. त्याला वाटलं, चार दिवसांची सवय मोडली, माणसांतून उचलून पुन्हा भिंतीसमोर बसवलं, म्हणून राग असेल. त्याने भाईच्या पाठीवर थोपटलं आणि समजूत घालून बसवलं. एवढं चांगलं चित्र, एवढा हौशीने लावून ठेवलेला सामना. बसेल हळूहळू.

भाई बसला. पण खुर्चीत नाही, खुर्चीच्या डाव्या कडेला. डावा खुबा लाकडी हाताला चिकटवलेला, अंग चोरलेलं, उजवा लुळा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलेला. एसटीत दोघांच्या बाकावर तिसरा माणूस येतो तेव्हा आपण बसतो तसा.

सत्यवानने त्याला मधोमध केलं. चहा घेऊन आला तर भाई पुन्हा कडेला.

दुसऱ्या दिवशी त्याने रिकाम्या बाजूला उशी खोचली. गिरणीतून दुपारी आला तेव्हा उशी जमिनीवर होती. भाईच्या उजव्या हातात तेवढी ताकद नव्हती आणि डावा तिथवर पोचत नव्हता. पण उशी घसरते. खुर्ची जुनी, गादी गुळगुळीत. सत्यवानने उशी सुतळीने बांधली. दुसऱ्या दुपारी उशी जमिनीवर होती आणि सुतळी तिच्याखाली, गाठ न सुटलेली.

आणि आवाज. सकाळी लावलेला आवाज दुपारपर्यंत शून्यावर येत होता. गिरणी बंद करून घरी येताना सत्यवान अंगणातच थांबून कान देई. आतून काही ऐकू येत नसे. पडद्यावर माणसं टाळ्या वाजवत असत आणि घरात सुशीलाच्या पाट्यावरचं वाटण तेवढं ऐकू येई.

"तुमी तेंका थयसर बसवू नका," सुशीला एकदा म्हणाली.

"कित्या?"

ती वाटण काढत राहिली. मग म्हणाली, "भावजी जागा दितत."

"कोणाक?"

"ता माका काय ठावक? मी आपला बघतंय ता सांगतंय."

६

नितेश नवा रिमोट घेऊन आला. जुन्याचं बटण अडकत असणार, आवाज आपोआप कमी होतो तो त्यानेच, असं तो फोनवर म्हणाला होता. त्याने जुन्याचे सेल काढून खिशात टाकले, नव्याने आवाज चढवला आणि रिमोट टेबलावर ठेवून हात झटकले.

"झाला. आता चाय सांगा."

पडद्यावरची हिरवी पट्टी उमटली आणि एकेक घर खाली उतरत गेली. शून्य. रिमोट टेबलावरच होता.

"काका, तुमच्या टीव्हीक लाज वाटता," नितेश म्हणाला आणि हसला. कोणी हसलं नाही म्हणून त्याने पुन्हा आवाज वाढवला. पुन्हा पट्टी उतरली, या वेळी जरा सावकाश, समजूत घातल्यासारखी.

"भाई, तुमी तर करूक नाय मा?" असं म्हणत तो भाईजवळ गेला. खुर्चीचा अर्धा भाग मोकळाच होता. तिथे टेकून त्याने भाईच्या हातात रिमोट द्यायला हात पुढे केला, आणि लगेच उठला. उठून पॅन्ट मागून चाचपली.

"हंयसर कोण बसलेला आता?"

"कोण नाय."

"गादी ऊन लागता."

"उन्हाची तिरीप येता थयसर," सत्यवान म्हणाला. बाहेर ढग होते. ते दोघांनाही दिसत होते.

भाई नितेशकडे बघत होता. "बरा," तो हळूच म्हणाला. मोठ्या माणसासमोर कोणी खोड काढली तर आपण डोळ्यांनी दटावतो, तसा.

नितेशने चहा उभ्यानेच घेतला. बॉक्स काढून पिशवीत घातला आणि दुकानात तपासून सांगतो म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. बॉक्स ठीक होता. दुकानात दिवसभर चालू ठेवला होता, आवाज खणखणीत. "घेवन येव काय?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "घाई नाय काका. तुमी सांगाल तेव्हा."

घरात आता नुसता काळा पडदा होता. भाई तरी कडेलाच बसत होता.

७

जखम सुशीलाला आंघोळ घालताना दिसली. डाव्या खुब्यावर, खुर्चीच्या कडेला टेकतो तिथेच. कातडी गेली होती आणि आतलं लाल दिसत होतं.

कट्ट्याच्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि सत्यवानला बाजूला घेतलं. "दोन वर्षं तुम्ही यांना इतकं स्वच्छ ठेवलंत, मग आता काय झालं? एकाच बाजूवर भार देऊ नका. हे आठ-पंधरा दिवस असंच चाललं तर हाडापर्यंत जाईल. मग माझ्या हातात राहणार नाही. अशा रुग्णांना ताप चढला की उतरवणं कठीण असतं. कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

परत येताना रिक्षात भाई मधे होता. डावीकडे सत्यवान, उजवीकडे कोणी नाही. भाई सत्यवानच्या अंगावर रेलत गेला, रेलत गेला, शेवटी सत्यवान रिक्षाच्या दांडीला दाबला गेला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

खुर्ची सोडून भाईला मधल्या खोलीत खाटेवर निजवायचं ठरलं. पाठीवर, मधोमध, दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या वळकट्या. दुपारी बघितलं तर तो डाव्या कडेवर, दुखऱ्या खुब्यावर, खाटेचा काठ धरून. वळकटी खाली. चेहरा घामाने भिजलेला, आणि डोळे समोर. उजवीकडे मान वळवायचा तो प्रयत्नही करत नव्हता. वळवून त्याला दिसलं नसतंच.

"भाई, कोण आसा?" सत्यवानने पहिल्यांदा विचारलं.

भाईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. ओठ हलले. त्याच्याकडे एकच शब्द होता आणि तो या कामाचा नव्हता.

त्या आठवड्यात जखम वाढली. पट्टीला वास येऊ लागला. सुशीला रात्रंदिवस त्याला सरळ करत होती, तो कण्हत कडेला जात होता.

८

बाबली मानकरी आपल्या काजूच्या बागेत वाळलेल्या फांद्या तोडत होता. सत्यवानने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कसोटी सामना, मेन न पाडणं, लाल ठिपका. पार्वतीकाकीचा खोकला अजून गेला नव्हता, तेही त्याच्या मनात होतं. शिव्या खाव्या लागतील अशा तयारीने तो आला होता.

बाबलीने कोयता फांदीत रोवून ठेवला. "भाईक मारता काय?"

"नाय."

"जेवणाक येता?"

"नाय. नुसतो बसता."

बोलून गेल्यावर सत्यवानच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. इतके दिवस त्याने गादी, सुतळी, लाइट, रिमोट यांचाच विचार केला होता.

"बसता," बाबलीने मान हलवली. "मगे बसतलोच. घर उघडा, समोर चित्र, खुर्ची मांडलेली."

"उठवा तेका. गाऱ्हाणा घाला. काय नारळ-बिरळ असात तो देतंय."

"बसलेल्याक ऊठ म्हणूची रीत आमच्यात आसा काय रे? तुझ्या बापाशीन कधी कोणाक म्हटल्यान?" बाबलीचा आवाज चढला नाही. "दुसरी जागा दाखवूची. येवढाच करूक येता."

"खयची जागा?"

बाबलीने कोयता ओढून काढला. "ज्याच्या घराक बसलो, तेणी ता बघूचा. माका काय इचारतस?"

सत्यवान वळला तेव्हा मागून तो म्हणाला, "एकट्याक खुर्ची मांडून गेलंस तर चलाचा नाय हां. एकटो कोण बसता?"

९

गुरुवारी सकाळी सत्यवानने गिरणी उघडलीच नाही. आंघोळ केली, धुतलेली लुंगी नेसला. सुशीलाला मधल्या खोलीत भाईजवळ बसायला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दार उघडा ठेवा. माका दिसूक होया."

तो खुर्चीत बसला. पाठीमागे खिडकी, समोर भिंतीवर बंद टीव्ही. खुर्ची रुंद होती, दोन्ही बाजूंना जागा राहत होती. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं. सत्यवानला आपण मूर्खासारखे दिसत असू असं वाटलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, भर सकाळी, बंद टीव्हीपुढे.

त्याने घसा खाकरला. गाऱ्हाण्याचे शब्द त्याला येत नव्हते. सोप्या भाषेत बोलला.

"भाई आजारी आसा. तेका सोड. हंय जागा आसा, माझ्या बाजूक. मी बसतंय तुझ्यावांगडा."

काही झालं नाही. नारळ सोलण्याचा आवाज चालू होता. पडद्याच्या काळ्या काचेत खोली दिसत होती, अंधुक, पण नवा टीव्ही असल्याने बरीच स्पष्ट. मागची खिडकी, खिडकीचे उभे गज, गजांमधून येणारा उजेड, आणि त्याच्यापुढे खुर्चीत तो. तो गज बघत राहिला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

डावीकडचे गज त्याच्या डोक्याने आणि खांद्याने झाकले होते. ते बरोबर होतं. त्याच्या उजवीकडे मोकळ्या उजेडात गज दिसायला हवे होते. मघाशी दिसत होते. आता तिथे उजेड नव्हता. खिडकीचा तेवढा भाग खालून वर भरून आला होता, एखादा माणूस टेकून नीट बसावा तेवढ्या उंचीपर्यंत, आणि थांबला होता.

नारळ सोलणं बंद झालं होतं, की ऐकू येत नव्हतं, ते त्याला कळलं नाही.

मधल्या खोलीतून भाईचा आवाज आला. "बरा." लांब, सैल, श्वास सोडल्यासारखा. दोन वर्षांत भाईने हा शब्द कधी इतका नुसता उच्चारला नव्हता.

"आयकल्यात?" सुशीला रडत होती. "भावजी सरळ निजले. मधीच निजले. हात लावक नाय मी."

सत्यवानला उत्तर द्यायचं होतं. खुर्चीचा डावा हात त्याच्या बरगडीत रुतत होता. आपण कधी सरकलो ते त्याला आठवत नव्हतं. उजवी मांडी त्याने आवरून घेतली होती, धुतलेल्या लुंगीचा सोगा कोणाखाली येऊ नये म्हणून धरावा तसा मुठीत धरला होता.

भाईला उजवीकडचं दिसत नव्हतं. सत्यवानला दिसत होतं. त्याने मान वळवली नाही.

१०

शुक्रवार, ३१ डिसेंबर २०१०. हवा कोरडी, पहाटे थंडी. कट्ट्याच्या डॉक्टरांनी पट्टी काढली आणि भाईची जखम भरल्याचं सांगितलं. भाई आता पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो, खुर्ची भरून. पार्वतीकाकीचा खोकला गेला. नितेशने बॉक्स परत आणून दिला आणि तो कसा जोडायचा ते दारातूनच सांगितलं. टीव्ही दिवसभर चालू असतो, आवाज शून्यावर. गिरणी सकाळी दोन तास उघडते, त्यानंतर सत्यवान घरी असतो.

त्याच दिवशी डॉक्टरांनी सत्यवानलाही तपासलं. डाव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल चट्टा होता. कातडी अजून फुटलेली नव्हती.